दिव्यांगांना वस्तू मिळतात, कामाचं काय? – विदर्भातल्या खेड्यांमधलं व्यवसाय पुनर्वसन

निवृत्त_निदेशक

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यात आयटीआयमध्ये निदेशक होतो, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे ट्रेड शिकवले. निवृत्तीनंतर गावाकडेच आहे. दिव्यांगांच्या कामधंद्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. इथे शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, परदेशात गेलेले आपल्याकडचे लोकही आहेत, म्हणून धागा काढतो आहे.

पोलिओची पिढी आता चाळिशी-पन्नाशीत पोचली. पण ऐन कमावत्या वयात शेतावर अपंगत्व आलेली माणसं मी फार पाहिली. मळणी यंत्रात हात जातो, कडबा कुट्टीत बोटं जातात, रात्रीची लाईन आली म्हणून ओलिताला गेलेल्याला शॉक बसतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत एक हात किंवा पाय निकामी झाला तर १ लाख आणि दोन अवयव गेले तर २ लाख रुपये मिळतात. पण ते सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. मळणी यंत्रावर पेंढ्या टाकणारा मजूर भूमिहीन असेल तर त्याला या योजनेत जागा नाही.

पुढचा प्रवास ठरलेला. दवाखाना, प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजनेचं मानधन, शिबिरात तीनचाकी सायकल. इथपर्यंत सरकार पोचतं. एकेक गोष्ट मिळायला वेळ लागतो, पण मिळते. मात्र "बाबा रे, तुला आता कोणतं काम जमेल, आणि ते जमण्यासाठी काय लागेल?" असं त्याला एकाही टेबलावर कोणी विचारत नाही.

एक उदाहरण सांगतो. एका मुलाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आधी तो पंप बसवणाऱ्याच्या हाताखाली होता. घरचे म्हणत होते की झेरॉक्सचं मशीन मिळवून द्या. त्या गावात झेरॉक्स काढायला येणार कोण? आमच्या भागात रब्बीत व्होल्टेज पडलं की मोटरी जळतात, आणि वाइंडिंगवाल्याकडे रांग लागते. वाइंडिंग हे बसून करायचं काम. जळालेल्या मोटरीचा स्टेटर उघडायचा, जुन्या कॉइलचे वेढे मोजून वहीत लिहायचे, तारेचं गेज बघायचं, जुनी तार काढून खाचा साफ करायच्या, प्रत्येक खाचेत इन्सुलेशन पेपर घालायचा, फॉर्म्यावर नवी कॉइल बांधायची आणि तार-तार करून खाचेत बसवायची. मग दोऱ्याने आवळून वार्निश. दोन चांगले हात, नजर आणि चिकाटी एवढं लागतं. पाय कुठे लागतो? फक्त पाच हॉर्सपॉवरची मोटर उचलून टेबलावर ठेवताना. त्यासाठी छताच्या गर्डरला चेन पुली ब्लॉक लावला आणि टेबलाची उंची कमी केली. आज तो मुलगा स्वतःच्या दुकानात बसतो, हंगामात हाताखाली माणूस ठेवतो.

आता मुद्दा असा की चेन ब्लॉक आणि बुटकं टेबल यासाठी आम्ही भरलेल्या एकाही अर्जात रकाना नव्हता. झेरॉक्स मशीनला होता, शिलाई मशीनला होता, पिठाच्या गिरणीला होता. शेवटी गावातल्या चार जणांनी पैसे काढले. योजना वस्तूच्या नावाने आहेत, माणूस त्या वस्तूत बसवावा लागतो.

कायदा कमी पडतो असं मला वाटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम १९ मध्ये व्यवसाय प्रशिक्षण आणि स्वयंरोजगारासाठी सवलतीचं कर्ज ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. २०२२ च्या डिसेंबरात आपल्या राज्याने दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग केला. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी (दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र) आहे. पण केंद्राची जी जुनी व्यवसाय पुनर्वसन केंद्रं आहेत (आता त्यांना दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं म्हणतात), ती आपल्यासाठी मुंबई किंवा जबलपूर. समुद्रपूरच्या किंवा घाटंजीच्या पोराने तिकडे जायचं?

माझं म्हणणं थोडक्यात हे: प्रत्येक तालुक्याला एक माणूस हवा, ज्याच्याकडे दिव्यांग व्यक्तीची फाईल कामाला लागेपर्यंत राहील. त्याने घरी जावं, गाव बघावं, कोणता धंदा चालेल ते ठरवावं, प्रशिक्षण, साधन आणि कर्ज जुळवून द्यावं, आणि नंतर सहा महिने येऊन बघावं. तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतही लिहा.

पिकोफॉल

सर, तुम्ही शिलाई मशीनचं नाव काढलं म्हणून लिहिते. मी यवतमाळ जिल्ह्यातली. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. एका योजनेत मला मशीन मिळालं, ते पायमशीन. वाटपाच्या कार्यक्रमात फोटो निघाला. देणाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही की हिला पायटा मारता येत नाही.

घरी आणून भावाने मोटर बसवून घेतली. पण मोटरचा वेग कमीजास्त करायचा रेग्युलेटरही पायानेच दाबायचा असतो. मग तो टेबलावर उजव्या बाजूला स्क्रूने पक्का केला आणि मी तो कोपराने दाबते. सुरुवातीला ब्लाऊजचा गळा वळवताना शिवण पळायची, कारण कोपर हलला की हातही हलतो. आता रेग्युलेटरखाली फोमचा तुकडा ठेवला आहे, त्यामुळे दाब हळूहळू बसतो. कटोरी ब्लाऊज, प्रिन्सेस कट, पिको-फॉल सगळं करते.

दुसरं, तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात झबलं, परकर आणि साधा ब्लाऊज शिकवतात. गावात ते शिवणाऱ्या आधीच खूप जणी असतात. मला गिऱ्हाईक मिळालं ते लग्नसराईतल्या अस्तराच्या ब्लाऊजमुळे, आणि तो मी तालुक्याच्या एका टेलरबाईंकडे बसून शिकले. त्यांना त्या शिकवण्याचे पैसे कोणी दिले नाहीत. सरकारने अशा चांगल्या कारागिराकडे उमेदवारी ठेवली आणि शिकवणाऱ्याला काही मानधन दिलं तर वर्गापेक्षा जास्त उपयोग होईल.

कापूसकोंड्या_वणी

राजेहो, धाग्याचा विषय चांगला हाय, पण येक इचारतो. गावातली धडधाकट पोरं रिकामी बसून हायेत, नाहीतं चाकण-रांजणगावले चालले. तेथी दिव्यांगाले काम कोन देईन? माह्या मोठ्या भावाले डोयानं दिसत नाही. त्याले पह्यले महिन्याच्या महिन्याले मानधन टाइमावर भेटलं पाह्यजे. दोन-दोन महिने पैसा येत नाही, ब्यांकेत चकरा मारा लागते. पोटाले भेटलं तं मंग कामाच्या गोष्टी.

निवृत्त_निदेशक

भाऊ, तुमचं म्हणणं रास्त आहे. मानधन वेळेवर मिळालंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं मानधन १५०० वरून २५०० झालं, तेही आंदोलनं करून. आपल्या मोझरीला त्यासाठी उपोषण झालं होतं, सगळ्यांना आठवत असेल.

पण मानधनाला एक अट चिकटलेली आहे, तिच्यामुळे हे दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. म्हणजे महिन्याला चार हजार दीडशेच्या आसपास, आणि तेही अख्ख्या घराचं. मुलगा वाइंडिंग करून महिन्याला सहा हजार मिळवायला लागला तर नियमाप्रमाणे मानधन बंद व्हायला हवं. मग बाप म्हणतो, राहू दे, धंदा बुडाला तर पुन्हा दाखले कोण काढणार? तो चुकीचं बोलत नाही. धंदा सुरू केल्यावर पहिली दोन वर्षं तरी मानधन चालू ठेवावं, आणि नंतर उत्पन्न वाढेल तसं हळूहळू कमी करावं. आज काम शोधणाऱ्याला त्याच्या घरचेच अडवतात, ते या भीतीने.

मृण्मयी_व

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. मूकबधिर विद्यालयातून दहावी झाला, आयटीआयमध्ये फिटरला प्रवेश मिळाला. प्रवेशाला आरक्षण आहे. पण वर्गात खुणांची भाषा जाणणारं कोणी नाही. सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, तेव्हा त्याला ओठही दिसत नसत. प्रॅक्टिकलला तो वर्गात पहिला असायचा, कारण तिथे बघून शिकता येतं. फाइलिंग करताना कानस कशी सरकते आहे हे त्याला हाताला कळतं, आवाज लागत नाही. थिअरीला मात्र घरी बसून मी शिकवलं.

नंतर ॲप्रेंटिसशिपसाठी एका कारखान्यात गेलो तर म्हणाले, ऐकू येत नाही, मशीनवर अपघात होईल. पंधरा मिनिटांत बाहेर. कोणी त्याला मशीनपाशी उभं करून बघितलंही नाही. आता तो रसवंतीवर काम करतो. फिटरचं प्रमाणपत्र ट्रंकेत आहे.

निवृत्त_निदेशक

मृण्मयीताई, वाचून फार वाईट वाटलं. कारखान्याची भीती घालवणं अवघड नाही. भोंगा ज्या सर्किटवर वाजतो त्यालाच समांतर एक लाल दिवा जोडायचा, दोन तारांचं काम आहे. फोर्कलिफ्ट जिथे फिरते तिथे पिवळा पट्टा आणि फिरता दिवा. हे त्या मालकाला समजावून सांगायला तुमच्या भावाबरोबर जाणारा माणूस पाहिजे होता. बहिणीने सांगितलं तर विनवणी वाटते, तेच सरकारी कर्मचाऱ्याने कागद घेऊन सांगितलं तर ऐकून घेतात.

भावाचा तालुका मला व्यनि (खासगी निरोप) करा. माझे जुने विद्यार्थी बुटीबोरीच्या कारखान्यांत सुपरवायझर आहेत, विचारून बघतो.

झाडीपट्टी

मी कुरखेड्याकडचा. अपंगत्व म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुबडी येते. आमच्याकडे सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. चांगली गोष्ट झाली. पण त्याच कायद्याचं कलम ३४ वाचा. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक आणि मानसिक अपंगत्व अशा गटांना वाटून दिलं आहे, त्यात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे पोरगं कायद्याने दिव्यांग, पण नोकरीच्या जागेसाठी नाही.

आता काम काय करायचं ते बघा. पावसाळ्यात रोवणी. दिवसभर गार पाण्यात चिखलात वाकून परे लावायचे. थंडीने सिकलसेलवाल्याचं दुखणं उठतं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, ऊन चढेपर्यंत पानं तोडायची, अंगातलं पाणी आटतं, त्यानेही दुखणं उठतं. दुखणं उठलं की सांध्यांत आणि छातीत अशी कळ येते की पोरं लोळतात. वर्षातले दोन मोठे मजुरीचे हंगाम दोन्ही त्यांच्या जिवावरचे. बाहेरून बघणाऱ्याला पोरगं धडधाकट दिसतं, म्हणून गावात 'कामचोर' म्हणतात. हे ऐकून घेणं दुखण्यापेक्षा जड जातं.

२०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासण्या जोरात सुरू आहेत, कार्डं मिळाली. कार्डानंतर पुढे काय, याचं उत्तर आशाताईंकडेही नाही. या मुलांना सावलीतलं, पाणी प्यायला मोकळीक असलेलं आणि दुखण्याच्या दिवशी सुटी मिळेल असं काम पाहिजे. ग्रामपंचायतीतलं संगणकाचं काम, तेंदूपत्ता फळीवरची (पानं गोळा करायच्या जागेवरची) हिशेबवही, मोहफुलाचं वजन आणि साठवण. पेसाच्या (आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) गावांत ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात, त्यांना हिशेब ठेवणारा मुनशी लागतोच. ती जागा आधी या मुलांना द्या, असा ठराव ग्रामसभा करू शकते.

आणि प्रमाणपत्राबद्दल थोडं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या पुढेमागे आहे. एसटीत सवलत आहे, पण जाऊन परत यायचं म्हणजे मुक्काम, आणि मुक्कामाला सवलत नाही. प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड महिन्यातून एकदा तरी अहेरीला बसावं.

ओहायोतला_अकोलेकर

मी मूळचा बाळापूरचा, सध्या अमेरिकेत. माझ्या मुलीला कमी ऐकू येतं, त्यामुळे इथल्या राज्य सरकारच्या व्यवसाय पुनर्वसन खात्याशी माझा संबंध येतो. निदेशक सर म्हणतात तसा 'फाईलवाला माणूस' इथे आहे, म्हणून त्याची पद्धत सांगतो.

हे फार जुनं आहे. १९२० मध्ये पहिला कायदा झाला. पहिल्या महायुद्धातून आलेल्या जखमी सैनिकांसाठी आधी सोय केली होती, मग नागरिकांनाही ती पाहिजे म्हणून. आताचा पाया १९७३ चा पुनर्वसन कायदा. खर्चाचा ७८.७ टक्के वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. अर्ज केला की एक समुपदेशक तुमच्या नावावर लागतो. तुम्ही पात्र आहात की नाही हे ६० दिवसांत सांगणं बंधनकारक. पात्र ठरल्यापासून ९० दिवसांत लेखी योजना तयार करायची: कोणतं काम, त्यासाठी कोणतं शिक्षण, कोणतं साधन, खर्च कोण करणार. त्यावर समुपदेशकाची आणि अर्जदाराची, दोघांची सही. काम कोणतं हे अर्जदार ठरवतो. नोकरी लागली म्हणून लगेच फाईल बंद करता येत नाही, किमान ९० दिवस टिकली पाहिजे.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी भाग शाळेतला. २०१४ च्या कायद्याने ठरवलं की केंद्राच्या पैशातले किमान १५ टक्के शाळकरी मुलांवर खर्च करायचे. माझी मुलगी शाळेत असतानाच तिला कामाच्या जागा दाखवल्या. तुमच्या भावाच्या बाबतीत, मृण्मयीताई, हे आठवीत व्हायला हवं होतं.

इथेही सगळं आलबेल नाही. पैसे कमी पडले की राज्यं प्रतीक्षायादी लावतात आणि ज्यांचं अपंगत्व जास्त तीव्र त्यांना आधी घेतात, बाकीचे थांबतात. एकेका समुपदेशकाकडे फायलींचा ढीग असतो, तो नोकरी सोडून गेला की नव्याला सगळं पहिल्यापासून सांगा. पण तक्रार करायची झाली तर अर्जदाराच्या बाजूने मदत करणारी सोय प्रत्येक राज्यात आहे, ती खरंच कामाला येते.

कापूसकोंड्या_वणी

भाऊ, अमेरिकेपासचा पैसा आपल्यापाशी नाही.

ओहायोतला_अकोलेकर

पैसा नाही, मान्य. पण ६० दिवसांत उत्तर द्या, दोघांनी सही करा, तीन महिने टिकल्याशिवाय फाईल बंद करू नका, याला पैसा किती लागतो?

ग्रामसेवक_बुलढाणा

मी ग्रामपंचायतीच्या बाजूने लिहितो, कारण ५ टक्के दिव्यांग निधीवरून आम्हाला फार बोलणी खावी लागतात. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असा नियम आहे. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार लिलाव वगैरे. समजा एका गावाची वसुली दोन लाख झाली, तर ५ टक्के म्हणजे दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी पाचशे रुपये. मग दिवाळीच्या तोंडावर पाचशेचे चेक वाटले जातात, नाहीतर ब्लँकेट. लोक नाराज होतात, आणि ते बरोबर आहे. पण पाचशेत मी कोणाचा धंदा उभा करू?

त्यातून वस्तू घेतली की बिल असतं, फोटो असतो, ऑडिटला दाखवता येतो. टेबलाची उंची कमी केली हे ऑडिटरला कसं दाखवायचं, हा खरा प्रश्न आमच्यासमोर असतो.

माझा विचार असा की तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचा हा निधी पंचायत समितीत एकत्र आणून दरवर्षी काही माणसं पुरती उभी करावीत, गावं पाळीपाळीने घ्यावीत. यासाठी वरून स्पष्ट आदेश लागेल. तोवर एकेक ग्रामपंचायत काय करू शकते तर दोन वर्षांचा निधी एका व्यक्तीवर खर्च करायचा ठराव. ते गावात पटवणं अवघड, कारण बाकीचे एकोणीस विचारतात, आमचं काय?

आईची_वही

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व. अठरा पूर्ण झाले आणि शाळा संपली. तोपर्यंत रोज डबा घेऊन जात होता, आता दारात बसून असतो. अठरानंतर बँक खात्यासाठी पालकत्वाचा कागद मागतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून तो मिळतो, हे मला दुसऱ्या एका आईने सांगितलं. शाळेने सांगितलं नव्हतं. ज्यांची मुलं सतरा वर्षांची आहेत त्यांनी आताच कागद गोळा करायला लागा.

कामाबद्दल. अशा मुलांसाठी कार्यशाळा असते तिथे पणत्या रंगवतात, लिफाफे करतात. दिवाळीत विक्री होते, नंतर नाही. माझ्या मुलाला मी गावाजवळच्या रोपवाटिकेत नेलं. माती, रेती आणि शेणखत मिसळून पॉलिथिनच्या पिशव्या भरायच्या. पिशवी किती भरायची ते त्याला कळेना, कधी अर्धी, कधी उतू जाईल अशी. मग मी पिशवीवर स्केचपेनने रेघ मारून दिली. रेघेपर्यंत भर. आठवडाभर रेघा मारल्या, नंतर त्याला लागल्या नाहीत. तो थकत नाही, कंटाळत नाही, आणि एकसारख्या पिशव्या भरतो. तिथल्या बाया त्याला सांभाळून घेतात. मजुरी पिशवीवर मिळते. त्या पैशातून त्याने आजीला चप्पल आणली.

हे काम फक्त मोसमात असतं. उरलेल्या महिन्यांचं काय, हे मला माहीत नाही. रोजगार हमीत दिव्यांगांना पाणी पाजण्याचं किंवा पाळणाघराचं काम देता येतं म्हणतात, आमच्या रोजगार सेवकाला विचारलं तर तो म्हणाला, मुलाचं जॉबकार्ड काढा, बघू. कार्ड काढलं आहे.

कायद्याचं_पान

ताई, रेघेची कल्पना सगळ्या कार्यशाळांना कळवण्यासारखी आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगते, कारण लोकांना माहीत नसतात. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, २०१६ च्या कायद्याचं कलम २०. तो जुनं काम करू शकत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, पद नसेल तर जादा पद निर्माण करायचं. हे १९९५ च्या कायद्यातही होतं आणि कुणाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तसाच निकाल दिला. एसटीचे चालक, महावितरणचे लाईनमन, पोलीस यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवा. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर घाईने सही करू नका.

दुसरं, कलम ३७. गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के हिस्सा दिव्यांगांचा, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. शेळीगट असो, विहीर असो, घरकुल असो, यादी लागली की ५ टक्के मोजा. कमी असतील तर लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही.

झाडीपट्टी

विदर्भाला हे सगळं नवीन नाही, हेही सांगायला पाहिजे. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, वरोऱ्याला १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवन. ज्यांना गावाने बाहेर काढलं होतं त्या कुष्ठरुग्णांनी तिथे शेती केली, हातमाग चालवले. बोटं झडलेल्या हाताला अवजार कसं धरता येईल याचा विचार तिथे झाला. आनंदवनात संधिनिकेतनमध्ये दिव्यांगांना धंदेशिक्षण मिळतं. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या घरात वाढलेली एक अंध मुलगी एमपीएससी पास झाली.

पण हे सगळं एकेका माणसाने आयुष्य घातलं म्हणून झालं. आणि तिथे जायचं म्हणजे घर सोडायचं. माझ्या गावातल्या पोराला स्वतःच्या घरी राहून काम पाहिजे. त्यासाठी दर तालुक्यात बाबा आमटे जन्मतील अशी वाट बघता येणार नाही, ते पगारी माणसाचं काम आहे.

निवृत्त_निदेशक

अगदी. पगारी माणूस, आणि त्याच्या कामाचं माप 'किती वस्तू वाटल्या' हे नको, 'किती जण वर्षानंतरही कामावर आहेत' हे पाहिजे. माप बदललं की वागणं बदलेल. खात्याच्या बैठकीत जो आकडा विचारतात तोच आकडा खालचा कर्मचारी गोळा करतो, हे मी नोकरीत जन्मभर पाहिलं.

बीज भांडवल योजनेबद्दलही हेच. दीड लाखापर्यंतचा प्रकल्प, ८० टक्के बँकेचं कर्ज, २० टक्के अनुदान, तेही कमाल ३० हजार. कागदावर चांगली आहे. बँकेत एकटा दिव्यांग मुलगा गेला की त्याला परत पाठवतात. बरोबर प्रकल्पाचा हिशेब समजावणारा माणूस असला तर मॅनेजर निदान कागद वाचतो. पिकोफॉल ताई, तुमच्याकडे दिव्यांगांचा बचत गट आहे का? उमेदमध्ये (सरकारच्या बचत गटांच्या अभियानात) दिव्यांगांसाठी दहाऐवजी पाच जणांचाही गट चालतो, आणि त्यात पुरुष घेता येतात. गटाला कर्ज मिळणं सोपं जातं.

पिकोफॉल

गट आहे सर, आम्ही सहा जण. दोघे पुरुष आहेत. एक जण सायकल-पंक्चर, एक पत्रावळी, बाकी शिलाई.

ग्रामसेवक_बुलढाणा

मग एक करा. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायतीचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून लिहायला घेतात. त्याआधी गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. नंतर आलेला अर्ज कितीही खरा असला तरी आराखड्यात बसवणं अवघड जातं. 'मदत मिळावी' असं मोघम लिहू नका, कामाचं नाव, साधन आणि रक्कम लिहा. ग्रामसभेत स्वतः हजर राहा. तुमच्या पंचायत कार्यालयाला रॅम्प नसेल तर सभा शाळेच्या अंगणात घ्यायची मागणी आठ दिवस आधी करा.

पिकोफॉल

रेग्युलेटर टेबलावर बसवायचा खर्च अर्जात कसा दाखवायचा? दुकानदार फक्त मोटरचं बिल देतो, बसवणावळीचं देत नाही.

निवृत्त_निदेशक

"शिलाई मशीनसाठी मोटर व हाताने चालणारा रेग्युलेटर, टेबलाच्या बदलासह, बसवून" असं एकाच ओळीत लिहा आणि त्याच शब्दांत कोटेशन घ्या. मग तो एकच नग धरला जातो. पंक्चरवाल्या भाऊंना बसून चाक फिरवता येईल असा कमी उंचीचा स्टँड लागेल, तो फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा लागतो, मापं मला पाठवा, चित्र काढून देतो. मृण्मयीताई, बुटीबोरीहून निरोप आला आहे, भावाला प्रमाणपत्र आणि यूडीआयडी घेऊन यायला सांगा, त्याला मशीनवर काम करून दाखवायला देणार आहेत. तुम्हीही बरोबर या, खुणा समजावायला.